माइल्स एका कंपनीचे, विमान दुसऱ्या कंपनीचं

न्यू जर्सीला येऊन मला १९ वर्षं झाली. दर गणपतीत मंडळात नवीन आलेली दोन-चार जोडपी भेटतात. आरती-प्रसाद झाला की बोलणं घर, गाडी, व्हिसा असं फिरत फिरत तिकिटांवर येतंच. यंदा एक मुलगा म्हणाला, "दादा, सिटी बँकेच्या कार्डावर ८० हजार पॉइंट्स जमलेत. ॲमेझॉनवर वापरून टाकतोय, घरात सामान लागतंच आहे." मी त्याला तिथेच थांबवलं. ॲमेझॉनवर त्या ८० हजारांचे सहाशे-साडेसहाशे डॉलर झाले असते. तेवढ्याच पॉइंट्समध्ये त्याची आई मुंबईहून इथपर्यंत आडवी झोपून येऊ शकते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मलाही पहिली सहा वर्षं कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माइल्स म्हणजे विमान कंपनीकडच्या आपल्या खात्यात जमणारे पॉइंट्स. बहुतेकांचा समज असा असतो की युनायटेडचे माइल्स असतील तर युनायटेडच्याच विमानात बसायचं. तसं नाही. जगातल्या बऱ्याच मोठ्या विमान कंपन्या तीन गटांत वाटल्या गेल्या आहेत. १९९७ साली स्टार अलायन्स झालं, १९९९ साली वनवर्ल्ड आणि २००० साली स्कायटीम. युनायटेड, एअर कॅनडा, लुफ्तान्सा, स्विस, टर्किश, सिंगापूर आणि २०१४ पासून आपली एअर इंडिया हे सगळे स्टारमध्ये. अमेरिकन एअरलाइन्स, ब्रिटिश एअरवेज आणि कतार एअरवेज वनवर्ल्डमध्ये. डेल्टा, एअर फ्रान्स, केएलएम स्कायटीममध्ये. एका कंपनीचे माइल्स देऊन त्याच गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या विमानाचं तिकीट काढता येतं. एमिरेट्स आणि एतिहाद कुठल्याच गटात नाहीत, पण एअर कॅनडाचे एरोप्लान पॉइंट्स त्या दोन्हींवर चालतात.

म्हणजे "कुठल्या विमानानं जायचं" आणि "कोणाचे माइल्स द्यायचे" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सगळा फायदा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असतो. एअर फ्रान्सच्या पॅरिस-मुंबई विमानातली तीच सीट डेल्टाच्या माइल्सनी घेतली तर एक भाव आणि एअर फ्रान्स-केएलएमच्या स्वतःच्या योजनेच्या, फ्लाइंग ब्लूच्या, माइल्सनी घेतली तर दुसरा, आणि तो पुष्कळदा बराच कमी असतो. कुठल्या तिकिटाला किती माइल्स हे सांगणारा आपला ठरलेला दरतक्ता डेल्टानं २०१५ मध्येच काढून टाकला. युनायटेडनं २०१९ मध्ये तेच केलं. अमेरिकन एअरलाइन्सचा पार्टनर कंपन्यांसाठीचा (ज्यांच्या विमानांवर तिचे माइल्स चालतात त्यांच्यासाठीचा) तक्ता मात्र अजून टिकून आहे: भारत ते अमेरिका एका बाजूचे इकॉनॉमीत ४० हजार माइल्स, बिझनेस क्लासमध्ये ७० हजार. कतारच्या विमानानं दोहामार्गे मुंबईहून यायचं तरी हाच भाव. तिकीट काढायच्या दिवशी आकडा एकदा पडताळून घ्या, कारण या कंपन्या रातोरात दर बदलतात. सिटी बँकेचे पॉइंट्स २०२५ पासून अमेरिकनकडे वळवता येतात, म्हणून त्या मुलाला मी थांबवलं.

आता किंमत कशी लावायची ते सांगतो. तिकिटाच्या रोख भावातून तुम्हाला भरावे लागणारे कर वजा करायचे आणि राहिलेल्या रकमेला माइल्सनी भागायचं. माझ्या आईचं तिकीट काढलं त्या दिवशी कतारची ती बिझनेसची सीट रोखीनं ४,१०० डॉलरला होती. मी ७० हजार माइल्स दिले आणि कराचे पन्नासच्या आसपास डॉलर. म्हणजे एका माइलला जवळजवळ पावणेसहा सेंट. अशी गणितं लोक फार अभिमानानं सांगतात, पण त्यात एक खोट आहे. ४,१०० डॉलर मी खिशातून कधीच दिले नसते. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, १६-१७ तास पाय दुमडून बसणं तिला शक्य नव्हतं, म्हणून फार तर १,८०० पर्यंत गेलो असतो. त्या हिशेबानं माइलला अडीच सेंट. हा आकडा खरा, आणि तोही उत्तमच आहे. रोखीचं तिकीट स्वस्त असेल, फेब्रुवारीत एका बाजूचं ६५० डॉलरला मिळत असेल, तर इकॉनॉमीसाठी ४० हजार माइल्स घालवू नका. तेव्हा माइलला दीडच सेंट पडतो. रोख भरा, माइल्स डिसेंबरसाठी किंवा अडचणीसाठी राखा.

कार्डांबद्दल थोडक्यात. दर महिन्याला पूर्ण बिल भरता येत नसेल तर या वाटेला जाऊच नका, व्याज सगळं खाऊन टाकतं. भरता येत असेल तर एकाच विमान कंपनीचं कार्ड घेण्याआधी अमेरिकन एक्सप्रेस, चेस, कॅपिटल वन किंवा सिटी यांचं असं कार्ड घ्या, ज्याचे पॉइंट्स अनेक कंपन्यांकडे वळवता येतात. पॉइंट्स बँकेत आहेत तोवर सगळ्या वाटा मोकळ्या असतात. एकदा विमान कंपनीकडे वळवले की परत येत नाहीत.

हे मी ठेच लागून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका संकेतस्थळावर दोन सीटा दिसल्या म्हणून मी ९० हजार पॉइंट्स घाईघाईनं दुसऱ्या एका कंपनीकडे वळवले. तिथे जाऊन पाहतो तर सीटा नाहीतच. एकीच्या संगणकावर दिसतात आणि दुसरीला मिळत नाहीत अशा या भुताच्या सीटा असतात. माझे पॉइंट्स तिथे दोन वर्षं पडून राहिले आणि मधेच त्या कंपनीनं दर वाढवले. तेव्हापासून माझा नेम असा: ज्या कंपनीचे माइल्स देणार, तिच्याच संकेतस्थळावर सीट दिसली पाहिजे, शेवटच्या पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन आलो पाहिजे, शंका असेल तर फोन करून विचारलं पाहिजे, आणि मगच पॉइंट्स वळवायचे.

शोधताना पूर्ण प्रवास एकदम टाकू नका. आपल्याकडे अवघड असतो तो भारताचा टप्पा. फ्रँकफर्ट-मुंबई, दोहा-मुंबई, पॅरिस-मुंबई यातली सीट आधी शोधा. ती सापडली की नेवार्क किंवा न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाहून तिथपर्यंत जाणारं विमान बहुधा जुळतं. पार्टनरला मिळणाऱ्या सीटा विमान सुटायच्या साधारण अकरा महिने आधी उघडतात, आणि न विकलेल्या पुन्हा शेवटच्या दोन आठवड्यांत. मधल्या काळात फारसं काही हाती लागत नाही. शाळेच्या सुट्टीत चौघांचं कुटुंब न्यायचं असेल तर चार सीटा एका विमानात मिळायची वाट पाहू नका. आईबरोबर एक मूल, बाबांबरोबर एक, असे दोन दिवसांत जा.

कर आणि अधिभार यांच्याकडे नीट बघा. काही कंपन्या पार्टनरच्या तिकिटावर इंधन अधिभार लावतात आणि तो शेकड्यांत जातो. अमेरिकनचे माइल्स ब्रिटिश एअरवेजवर वापरलेत तर तो लागतो, कतारवर लागत नाही. एरोप्लाननं २०२० मध्ये नवी योजना आणली तेव्हापासून अधिभार घेणंच बंद केलं. ते पार्टनरच्या तिकिटावर ३९ कॅनेडियन डॉलरची फी तेवढी घेतात. त्यांचा दर अंतरावर ठरतो. नेवार्कहून फ्रँकफर्टमार्गे मुंबई ८,००० मैलांच्या किंचित आत बसते. शिकागोहून त्याच वाटेनं ८,४०० च्या आसपास होतात आणि तिकीट वरच्या टप्प्यात जातं. त्यामुळे मध्य-पश्चिमेतल्या मित्राचा आकडा तुमच्या आकड्याशी जुळला नाही तर गोंधळू नका. पाच हजार पॉइंट्स जास्त दिले तर वाटेत एका शहरात चार दिवस राहताही येतं. आई-बाबांना इस्तंबूल दाखवायचं असेल तर ही चांगली सोय आहे.

ट्रान्झिट व्हिसाचं विसरू नका. लंडन किंवा युरोपात विमान बदलताना भारतीय पासपोर्टवर तो लागू शकतो. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर बहुतेक ठिकाणी सूट असते. पण आपल्यातल्या बऱ्याच जणांचं एच-वन-बी वाढवून मिळालेलं असतं आणि पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का मात्र संपलेला असतो. अमेरिकी सरकारचा मुदतवाढ मंजुरीचा कागद काउंटरवरच्या माणसाला पुरत नाही. अशा वेळी दोहा किंवा अबुधाबीची वाट धरणं बरं, आणि त्या त्या देशाच्या दूतावासाचं पान प्रवासाच्या आठवड्यात वाचणं आवश्यक.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट: परदेशात राहणाऱ्या माणसासाठी हे माइल्स म्हणजे अडीअडचणीचा साठा आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत रात्री पावणेतीनला सांगलीहून बहिणीचा फोन आला. बाबांना मिरजेला दवाखान्यात हलवलंय, श्वास लागलाय. मी स्वयंपाकघरात उभ्यानंच लॅपटॉप उघडला. दुसऱ्या दिवशीचं एका बाजूचं रोख तिकीट २,९०० डॉलर दाखवत होतं. एरोप्लानवर पाहिलं तर लुफ्तान्साच्या नेवार्क-फ्रँकफर्ट-मुंबई विमानात इकॉनॉमीची एक सीट होती, ५५ हजार पॉइंट्स. शेवटच्या दिवसांत उघडतात त्या सीटांपैकी ती एक. अमेरिकन एक्सप्रेसमधून पॉइंट्स वळवले, ते पाच मिनिटांत आले. साडेतीनला तिकीट हातात होतं. मुंबईहून टॅक्सीनं मिरज गाठलं तेव्हा बाबा बसून पेज पीत होते. त्या रात्रीपासून मी एक लाख पॉइंट्सना कधीच हात लावत नाही, कितीही मोहाची ऑफर आली तरी. तुम्हीही ८० हजारांच्या खाली जाऊ नका. आणि ते बँकेतच ठेवा, कारण त्या रात्री कुठल्या गटात सीट मिळेल हे आधी कळत नसतं. अमेरिकनचे माइल्स २४ महिने आणि एरोप्लानचे १८ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर संपतात, हेही ध्यानात ठेवा.

नवीन आलेल्यांसाठी आणखी दोन बारकावे. इथे येताना तुम्ही ज्या विमानानं आलात त्याचे माइल्स पुष्कळदा मागाहूनही जमा करता येतात, मुदत कंपनीप्रमाणे बदलते. बोर्डिंग पास फेकू नका. मात्र खात्यातलं नाव आणि तिकिटावरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं. आपल्या पासपोर्टात नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं, तसंच्या तसं खातं उघडा. दुसरं, दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर घेणार असाल तर त्याच्यासाठीही पैसे लागतात. अमेरिकेतल्या कंपन्या साधारण त्या वर्गाच्या रोख भाड्याच्या १० टक्के घेतात, म्हणजे बिझनेसमध्ये मोठीच रक्कम होते. एरोप्लान ठरलेली छोटी फी घेतं.

आई-बाबांचं तिकीट तुमच्या माइल्समधून काढताना अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्या काहीच अट घालत नाहीत. जपानची एएनए जवळच्या नातेवाइकांपुरतंच देते, सिंगापूरला आधी नावं नोंदवावी लागतात, जास्तीत जास्त पाच जणांची. तिकीट निघालं की अमेरिकनचा एक सहा अक्षरी पीएनआर येतो. पण विमान कतारचं, आणि त्यांच्या संगणकात त्याच तिकिटाचा वेगळा पीएनआर असतो. तो अमेरिकनला फोन करून मागून घ्या. त्यानंतर कतारच्या संकेतस्थळावर जाऊन सीट निवडा, जेवण शाकाहारी करा आणि व्हीलचेअर लावा. मुंबई, दोहा आणि केनेडी, तिन्ही ठिकाणी लागली आहे का ते फोनवर पुन्हा विचारा, कारण कधीकधी एकाच टप्प्याची लागते.

आईच्या पर्समध्ये मी एक कागद ठेवतो. वरती मोठ्या अक्षरात कतारचा पीएनआर, खाली अमेरिकनचा, मग दोन्ही विमानांचे नंबर, व्हीलचेअर सांगितली आहे हे इंग्रजीत एका ओळीत, आणि माझा फोन नंबर. बाजूला मराठीत लिहिलेलं असतं: "काउंटर कतारचा. अमेरिकनचा शोधू नकोस." तिनं मागच्या खेपेला तो कागद घडी घालून परत आणला, पुढच्या वेळी लागेल म्हणून.