शब्द नसलेल्या चित्रपुस्तकातून गोष्ट: या चुका टाळा

शब्द नसलेलं चित्रपुस्तक उघडलं की मोठी माणसं चित्रावर बोट ठेवून विचारत सुटतात, 'हे काय? आणि हे?' मूल सांगतं, 'बेडूक. बरणी. कुत्रा.' पुस्तक संपतं, नावांची यादी होते, गोष्ट काही होत नाही. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. त्याऐवजी 'इथे काय चाललंय?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. अगदी गप्प. ती शांतता आपल्यालाच जड जाते, मूल चित्र बघत असतं.

तरीही नावांवरच गाडी अडली, तर अर्धं वाक्य पुढे करा: 'बेडूक बरणीतून हळूच निघाला आणि...' पान उलटण्याआधी 'आता काय होईल?', उलटल्यावर 'मधे काय झालं असेल?' दोन चित्रांच्या मधलं जे दाखवलेलंच नाही, ते मुलाला रचू द्या.

दुसरी चूक घाईची. मर्सर मेयर यांचं 'फ्रॉग, व्हेअर आर यू?' हे १९६९चं शब्दविरहित पुस्तक भाषा-अभ्यासकांनी अनेक भाषांतल्या मुलांना दाखवून गोष्ट सांगायला लावली. ३ वर्षांची मुलं बहुतेक वेळा एकेक चित्र सुटं सांगतात, ५च्या सुमारास प्रसंग जोडू लागतात, आणि सगळी गोष्ट एका धाग्यात ९ वर्षांची मुलं बरीच चांगली ओवतात. तेव्हा 'कुत्रा पडला. मुलगा रागावला.' एवढ्यावर थांबणाऱ्या बालवाडीतल्या मुलाचं काही बिघडलेलं नाही. त्याच्याकडून सुरुवात, मध्य, शेवट मागू नका.

भाषा सुधारत बसणं तर फारच महागात पडतं. डहाणूकडचं मूल वारलीत सांगेल, मेळघाटातलं कोरकूत, सांगू द्या. छापील मजकूरच नाही, मग प्रमाण मराठीचा आग्रह कशाला? मराठीत सांगणारं मूल 'कुत्रा पडली' म्हणालं, तर चूक न दाखवता 'हो ना, कुत्रा धपकन पडला!' म्हणून पुढे चला.

आणि एकच पुस्तक उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवू नका. मागच्यांना बेडूक दिसतच नाही. चारपाच मुलं जमिनीवर, पुस्तक मधे. मुलाची गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायची असेल, तर वेगळ्या कागदावर लिहा. पुस्तकाच्या पानावर लिहिली, तर पुढचं मूल तीच ऐकून तीच सांगेल.