एक पाय बेडकाचा, एक माणसाचा

मी पोहायला शिकलो ते करवीर तालुक्यातल्या आमच्या विहिरीत, पाठीला पांगऱ्याचं हलकं लाकूड बांधून. पुढं पंचगंगेच्या घाटावर. विहिरीत शिकलेला गडी मान वर काढूनच पोहतो, कारण वरून कोण कधी उडी टाकेल याचा नेम नसतो. नदीत तर समोर म्हशी असतात. त्यामुळं 44 व्या वर्षी कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या अंबाई टँकवर पोहायला जायला लागलो तेव्हा ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे बेडकासारखं पोहणं, आपल्याला येतोच, अशी माझी खात्री होती. शेजारी पोहणारी आठवी-नववीतली एक मुलगी आठवडाभर बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "काका, तुमचा एक पाय बेडकाचा हाय आणि एक माणसाचा."

खरंच होतं. उजवं पाऊल बाहेर वळायचं, डावं तसंच सरळ राहायचं. कात्री चालावी तसे पाय. स्पर्धेत असं केलं की बाद करतात.

म्हणून आधी पाय. बाकीच्या प्रकारांत बराचसा भार हात ओढतात; इथं पायांचा वाटा फार मोठा. आणि पायांची चूक पाण्यात कळत नाही, कारण आपले पाय आपल्याला दिसत नाहीत. टँकच्या कठड्यावर पालथं पडा, कंबरेखालचे पाय पाण्यावर सोडा आणि कुणाला तरी मागं उभं करा. टाचा कुल्ल्याकडं ओढायच्या. गुडघे पोटाखाली घ्यायचे नाहीत. मांड्या पुढं आल्या की त्या पाण्याला आडव्या येतात आणि ब्रेक लागतो. गुडघ्यांत अंतर कंबरेइतकं, फार तर थोडं जास्त. मग पावलं बाहेर वळवायची, बदक चालतं तशी, आणि तळवा व नडगीच्या आतल्या बाजूनं पाणी मागं ढकलत पाय जोडायचे. शेवटी बोटं ताणलेली, पाय काठीसारखे सरळ. मी हे रोज दहा मिनिटं केलं, तीन आठवडे. लोक हसले.

घोट्यात लवचिकता नसेल तर पावलं वळतच नाहीत. आमच्यासोबत तालमीतला एक पैलवान येतो. अंगानं दांडगा, पाण्यात दगड. पण त्याचे पाय आठवड्यात जमले, कारण टाचा न उचलता उकिडवं बसायची त्याला सवय. आम्ही खुर्चीवाले टाच टेकवून बसलो की मागं कलंडतो. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मिनिटं उकिडवं बसा, पावलं थोडी बाहेर काढून. सुरुवातीला दाराची चौकट धरा.

पाय कळले की पाठीवर झोपून तेच करा, हात मांड्यांशी. गुडघे पाण्याबाहेर दिसले तर समजा, मांड्या अजून पुढं येतायत.

हातांची हौस सगळ्यांना जास्त असते आणि बिघाडही तिथंच. हात मांडीपर्यंत ओढायचे नाहीत. परातीच्या कडेचं पीठ दोन्ही हातांनी मध्ये गोळा करतो ना, तसं. खांद्यापेक्षा थोडं बाहेर, कोपरं वर, मग छातीपुढं आत, आणि तिथं न थांबता सरळ पुढं. हात आत येताना अंग आपोआप उचललं जातं; श्वास तेव्हाच घ्यायचा. मान मागं टाकून घ्यायचा नाही. हनुवटी पाण्यालगत, आणि हात पुढं निघाले की तोंड परत पाण्यात, नजर तळाकडं. माझी विहिरीतली मान मोडायला दोन महिने लागले.

आता मुख्य गोष्ट. हात, श्वास, पाय आणि मग लांब होऊन पडून राहणं, हा क्रम. पाय मारताना हात पुढं पोचलेले असावेत. दोन्ही एकदम चालवले की एक पुढं नेतो, दुसरा अडवतो. पाय जोडले की मनात "एक, दोन" म्हणायचं आणि गप्प राहायचं. इंग्लंडच्या ॲडम पीटीनं 2019 मध्ये 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोक 56.88 सेकंदांत मारला. अशा वेगात पडून राहायला फारसा वेळ नसतो. आपल्याला तो नियम नाही.

हे जमतंय का, ते हात किती वेळा मारले हे मोजून कळतं. 25 मीटरला मला पहिल्यांदा 24 हात लागले होते. आज 13 लागतात, दमलेल्या दिवशी 15. घड्याळापेक्षा मी या आकड्यावर जास्त विश्वास ठेवतो.

आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. आधी 200 मीटर फ्रीस्टाइल. मग फळी धरून 25 मीटरच्या सहा खेपा, नुसते पाय. मग दोनदा पाय, एकदा हात, अशा चार खेपा. पडून राहायची सवय यातूनच लागते. त्यानंतर 50 मीटर आठ वेळा, मध्ये 20 सेकंद दम, प्रत्येक वेळी हात मोजत. आकडा दोनानं वाढला की त्या दिवशी ब्रेस्टस्ट्रोक बंद. दमल्या अंगानं चूकच पक्की होते.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ आली तर जोर करू नका. बहुतेक वेळा गुडघे फार फाकवल्यानं होतं. मी चार-पाच दिवस नुसतं फ्रीस्टाइल करतो. तरी थांबली नाही तर डॉक्टर.

इथली पोरं कोल्हापूरच्याच जलतरणपटू वीरधवल खाडेचं नाव ऐकत वाढलीत, 2010 च्या आशियाई स्पर्धेतलं त्याचं 50 मीटर बटरफ्लायचं ब्राँझ त्यांना पाठ. म्हणून सगळ्यांना बटरफ्लाय हवा, आणि ब्रेस्टस्ट्रोक म्हाताऱ्यांचा. असू दे. स्पर्धेत उतरणाऱ्यानं मात्र एवढं ध्यानात ठेवावं : वळताना आणि शेवटी भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. भिंत सोडल्यावर पाण्याखाली एकदा हात मांडीपर्यंत नेता येतात, एक डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखा फटका) चालते, मग एक बेडकाची. पाण्याखालचा हा टप्पा मी अजून शिकतोय. दर वेळी नाकात पाणी जातं आणि ती मुलगी पलीकडून हसते.