कामाच्या दिवशी घरचा स्वयंपाक: आदल्या तयारीची पद्धत

घरात गॅस असतो, कुकर असतो, डब्यांत डाळ-तांदूळही असतात, तरी संध्याकाळी साडेसातला जेवण बाहेरून मागवले जाते. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी दरडोई खर्चात पेये, तयार आणि प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ यांचा वाटा सुमारे १०.६ टक्के होता, आणि खाण्यापिण्याच्या बाबींत तो सर्वांत मोठा होता. स्वयंपाक येत नाही म्हणून हे घडते असे मला वाटत नाही. दमून घरी आल्यावर ‘आज काय करायचे’ इथपासून सुरुवात करावी लागते, तिथेच माणूस हात टेकतो. म्हणून विचार आणि तयारी आधीच उरकावी, म्हणजे वरण-भात, पोळी, भाजी आणि कोशिंबीर असे पूर्ण ताट, डाळ-तांदूळ भिजवण्याचा वेळ सोडला तर, पाऊण तासाच्या आसपास होते.

रविवारी भाजी आणल्यावर पाच दिवसांचा बेत कागदावर लिहून ओट्याजवळ लावावा. पालेभाजी टिकत नाही, ती सोमवारी-मंगळवारी संपवावी. कोबी, दुधी, भोपळा मागे ठेवावेत. मटकीची उसळ बुधवारी करायची असेल तर मटकी सोमवारी रात्री भिजत घालावी आणि मंगळवारी सकाळी उपसून ओलसर फडक्यात बांधून ठेवावी. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड दिसू लागतात, थंडीत मात्र बुधवार उजाडावा लागतो. रविवारीच शेंगदाण्याचे कूट करावे, लसूण सोलून ठेवावा आणि कांदा-खोबरे भाजून, वाटून, लहान लहान वाट्यांत फ्रीझरमध्ये टाकावे.

रोजच्या संध्याकाळी क्रम महत्त्वाचा असतो. घरी येताच, कपडे बदलण्याआधी, डाळ-तांदूळ धुऊन भिजत घालावेत. अर्ध्या तासाने कुकरच्या खालच्या भांड्यात एक वाटी तूरडाळ, अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग आणि तेलाचे चार थेंब घालावेत, वरच्या भांड्यात तांदूळ आणि दुप्पट पाणी ठेवावे, आणि कुकर लावून त्या वेळात कणीक मळावी. कुकरची वाफ आपोआप जिरू द्यावी. तेवढ्यात भाजी फोडणीला पडते. भाजीची चव बरीचशी या फोडणीवरच ठरते, म्हणून इथे घाई करू नये: तेल नीट तापल्यावर मोहरी टाकावी, ती पूर्ण तडतडल्यावर जिरे घालावे, मग आच कमी करून हिंग आणि सगळ्यांत शेवटी हळद घालून लगेच भाजी लोटावी, कारण हळद करपली की भाजी कडवट होते. वरण थोडे जास्तच करावे. पहिल्या दिवशी मीठ घालून, घोटून, तूप-लिंबाबरोबर साधे वरण खावे आणि उरलेले फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी गोडा मसाला, आमसूल आणि गूळ घालून त्याची आमटी करावी. उरलेला भात रात्रभर ओट्यावर राहू देऊ नये. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवून सकाळी फोडणी देऊन चांगला वाफवावा.

हे सगळे एकाच व्यक्तीवर पडले तर बेत आठवडाभरही टिकत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात असे आढळले होते. घरचे जेवण हवे असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे मनावर घ्यावेत. भिंतीवरच्या कागदावर पदार्थासमोर करणाऱ्याचे नावही लिहावे. कणीक मळणे, काकडी चोचवणे, ओटा आवरणे ही कामे मुलगे आणि नवरे सहज शिकतात, आणि शिकवताना पहिल्या चार पोळ्या वेड्यावाकड्या झाल्या तरी त्या कौतुकाने खाव्यात.

पहिल्या आठवड्यात तीनच दिवस ठरवावेत. आणि ज्या संध्याकाळी काहीच सुचणार नाही, तिच्यासाठी बेसन कायम घरात असू द्यावे: कांदा, लसूण आणि हिरवी मिरची फोडणीत परतून त्यात पाण्यात कालवलेले बेसन ओतावे, गुठळ्या होऊ न देता सतत ढवळावे, झाकण ठेवून मंद आचेवर एक वाफ काढावी आणि पिठले ताटात घेतल्यावर वरून थोडे कच्चे तेल घ्यावे.