डीएनएची मापात बसणारी प्रतिकृती कशी तयार करावी

डीएनएच्या बहुतेक प्रतिकृती पिळलेल्या शिडीसारख्या दिसतात आणि त्यांत दोन्ही धागे एकमेकांच्या अगदी समोरासमोर असतात. ही चूक लहान नाही, कारण प्रत्यक्ष रेणूवर एक रुंद आणि एक अरुंद अशा दोन असमान खाचा असतात. त्या दाखवायच्या असतील तर मापे सुरुवातीपासून काटेकोर घ्यावी लागतात.

प्रमाण असे ठरवावे की एक नॅनोमीटर म्हणजे पाच सेंटिमीटर. रेणूचा व्यास सुमारे दोन नॅनोमीटर असल्यामुळे जाड पुठ्ठ्याच्या १० सेंटिमीटर व्यासाच्या ११ चकत्या कापाव्यात आणि प्रत्येकीच्या मध्यभागी सळईपुरते भोक पाडावे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉस्लिंग यांनी मे १९५२ मध्ये घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रात मध्यभागी फुलीचा आकार दिसतो, तो सर्पिलाचा पुरावा. वर-खाली उमटलेल्या ठळक कमानींवरून लगतच्या दोन बेस-जोड्यांमधले (बेस हे धाग्यांवरचे घटक, आणि त्यांची प्रत्येक जोडी म्हणजे शिडीची एक पायरी) ०.३४ नॅनोमीटर अंतर मिळते आणि फुलीवरील आडव्या रेषांच्या अंतरावरून पूर्ण वेढ्याची ३.४ नॅनोमीटर उंची कळते. म्हणजे एका वेढ्यात दहा जोड्या आणि दर जोडीमागे ३६ अंशांचा पीळ. (द्रावणात हा आकडा साडेदहाच्या आसपास असतो, पण प्रतिकृतीसाठी दहा सोयीचे.) प्रत्येक चकती म्हणजे एक जोडी, म्हणून आपल्या प्रमाणात दोन चकत्यांमध्ये १.७ सेंटिमीटर अंतर येते. पुठ्ठ्याची जाडी त्यातून वजा करून उरलेल्या लांबीचे नळीचे तुकडे कापावेत; ते सळईवर दोन-दोन चकत्यांच्या मध्ये ओवायचे आहेत.

आता प्रत्येक चकतीच्या कडेलगत धाग्यांसाठी दोन भोके पाडायची आहेत, आणि खरी काळजी इथेच घ्यायची. भोके १८० नव्हे, तर १३५ अंशांच्या अंतरावर असावीत. फुलीतली चौथी आडवी रेषा जवळजवळ गायब असते. त्यावरून एक धागा दुसऱ्यापासून वेढ्याच्या तीन-अष्टमांश उंचीने सरकलेला असल्याचे समजते, आणि ३६० अंशांचे तीन-अष्टमांश म्हणजे १३५.

भोके जोडणारी रेषा आखून, तिला लागून केंद्राच्या बाजूला बेसची जोडी रंगवावी. ॲडेनिनसमोर थायमिन येते आणि त्यांच्यात दोन हायड्रोजन बंध असतात. ग्वानिनसमोर सायटोसिन येते आणि बंध तीन असतात. (जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांच्या १९५३ च्या मूळ आराखड्यात इथेही दोनच होते, तिसरा नंतर निश्चित झाला.) ॲडेनिन आणि ग्वानिन आकाराने मोठे असल्याने त्यांना अधिक जागा द्यावी. ही जुळणी सहज सुचलेली नव्हती. ॲडेनिन आणि थायमिन, तसेच ग्वानिन आणि सायटोसिन यांची प्रमाणे समान असतात हे रसायनशास्त्रज्ञ एर्विन शारगाफ यांनी दाखवले होते, तरी केंब्रिजमध्ये जेम्स वॉटसन आधी सारख्यालाच सारखे जोडून पाहत होते. पुस्तकांत छापलेली बेसची रूपे चुकीची असल्याचे रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू यांनी निदर्शनास आणल्यावर, प्रतिकृतीसाठीचे धातूचे तुकडे तयार होण्याची वाट न पाहता, वॉटसन यांनी २८ फेब्रुवारी १९५३ रोजी पुठ्ठ्याचे आकार जुळवले आणि दोन्ही जोड्या एकाच मापाच्या निघाल्या. त्यामुळेच जोड्यांचा क्रम कोणताही ठेवला, तरी आपल्या धाग्यांमधले अंतर बदलत नाही.

चकत्या ओवताना चित्राची बाजू नेहमी वर ठेवावी आणि वरून पाहून प्रत्येक नवी चकती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ३६ अंश फिरवावी. अकरावी पहिलीच्या बरोबर वर आली पाहिजे. मग एका बाजूच्या सर्व भोकांतून लाल आणि दुसऱ्या बाजूच्या भोकांतून निळी तार ओवावी. समोरून पाहताना तारा डावीकडून उजवीकडे चढत असतील तर पीळ बरोबर आहे. तारा म्हणजे शर्करा आणि फॉस्फेट यांचा कणा, म्हणून त्या बाहेरच असल्या पाहिजेत. वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५१ च्या अखेरीस फॉस्फेट आत ठेवून तीन धाग्यांची रचना केली होती आणि ती फ्रँकलिन यांनी तात्काळ नाकारली होती.

लाल तारेवर वर जाणारे आणि निळीवर खाली जाणारे बाण चिकटवावेत. फ्रँकलिन यांच्या मोजमापांतील सममितीवरून धागे परस्परविरुद्ध दिशेने धावतात हे क्रिक यांनी ओळखले. शेवटी उभी पट्टी लावून दोन तारांमधली अंतरे मोजावीत: अरुंद खाच सुमारे ६.४ आणि रुंद १०.६ सेंटिमीटर भरली पाहिजे. प्रतिकृती उलटी धरल्यावरही एक बाण वर आणि एक खाली दिसला पाहिजे. दोन्ही एकाच दिशेला दिसले, तर एका तारेवरचे बाण काढून उलटे लावावेत.