होस्टाचे पाणी: मुळांना ओल हवी, गड्डा कोरडा हवा

होस्टा म्हणजे सावलीत वाढणारे, मोठ्या पानांचे शोभेचे झाड. त्याला पाणी भरपूर लागते, पण ते मुळांना. कोंब जिथून फुटतात त्या जमिनीलगतच्या गड्ड्यात पाणी साचलेले त्याला अजिबात चालत नाही. न्यू जर्सीपासून मिशिगन-इलिनॉयपर्यंत घराच्या उत्तर बाजूला किंवा मॅपलच्या सावलीत ज्यांनी होस्टा लावला आहे, त्यांच्यासाठी खालचे आकडे आहेत. तुळशीच्या कुंडीला रोज तांब्याभर पाणी घालायची आपली सवय इथे उपयोगाची नाही. रोजच्या शिंतोड्याने वरची दोन बोटे माती भिजते आणि मुळे तिथेच घुटमळतात. मग जुलैत चार दिवस पाणी चुकले की झाड मान टाकते.

मुळे दोरीसारखी जाड असतात, आडवी पसरतात आणि बहुतेक वरच्या ३० सेंमी मातीतच राहतात. म्हणून एका पाण्यात ओल निदान १५ ते २० सेंमी खोल गेली पाहिजे. पाणी दिल्यावर तासाभराने लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसून पाहा. ओल्या मातीत तो सहज जातो, कोरडा थर लागला की अडतो.

आठवड्याला पावसासकट २५ मिमी, म्हणजे एक इंच पाणी, हा पाया धरा. पानांचा घेर या कडेपासून त्या कडेपर्यंत ४५ सेंमी असेल तर झाडाला ४ लिटर, ९० सेंमीला १६ लिटर, १२० सेंमीला सुमारे २९ लिटर. घेर दुप्पट झाला की पाणी चौपट लागते हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, आणि जुने मोठे गड्डेच उपाशी राहतात. चिकणमातीत हे पाणी एकदम द्या, रेताड जमिनीत आठवड्यातून दोनदा विभागून. पाइपचा हिशेब करायला १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते एकदा मोजून ठेवा.

पावसाच्या भरवशावर राहू नका. होस्टाची पाने एकमेकांवर चढलेली असतात, वर मॅपलचे छत असते. ५ मिमीची सर यातून खालच्या मातीपर्यंत फारशी पोचत नाही. रिकामा सरळ कडांचा डबा झाडाशेजारी पानांखाली ठेवा आणि त्यात साचलेले पाणी मोजा. मोकळ्या हिरवळीवरचा आकडा इथे कामाचा नाही. मॅपलची मुळेही उथळ असतात आणि होस्टाचे पाणी तीच आधी ओढतात, तेव्हा अशा जागी दीडपट धरा.

वसंतात, साधारण एप्रिलमध्ये, कोंब वर येतात तेव्हा बर्फ वितळून जमीन ओलीच असते. वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा ओल निघून माती मोकळी होईपर्यंत, पाणी नको. मात्र मे कोरडा गेला तर हात आखडू नका, कारण वर्षाची बहुतेक पाने याच काळात उलगडतात. तेव्हा ताण बसला की पाने लहान राहतात आणि जूनमध्ये कितीही पाणी ओतले तरी वाढत नाहीत. नव्या लावणीला पहिले तीन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी माती चाचपून पाणी द्या.

खरी कसोटी उन्हाळ्यात. तापमान ३२ अंश सेल्सिअसवर राहिले तर २५ मिमीचे ४० मिमी करा. वेळ सकाळी सहा ते नऊची. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर पानांवर आणि जमिनीवर राहते आणि शंख नसलेल्या गोगलगायी नेमक्या त्याच ओलीवरून चरायला येतात. सकाळी पाणी दिले तर रात्रीपर्यंत वरचा थर सुकतो.

पाणी पानांवर नको, मातीला द्या. सच्छिद्र पाइप गड्ड्यापासून १५ सेंमी लांबून, पानांच्या घेराखालून फिरवा. ठिबक असेल तर मोठ्या झाडाला ताशी २ लिटरचे चार ड्रिपर, दोन तास. स्प्रिंकलरने दोन नुकसाने होतात. निळसर जातींच्या, उदाहरणार्थ ‘हॅल्सियन’च्या, पानांवरचा मेणाचा थर धुपतो आणि पान लवकर हिरवे पडते. दुसरे नुकसान मोठे: पानांतले सूत्रकृमी (नेमॅटोड, अगदी बारीक कृमी) पाण्याच्या पातळ थरातून पोहत आणि शिंतोड्यांबरोबर उडत शेजारच्या झाडावर जातात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात शिरांच्या मधोमध तपकिरी पट्टे दिसले तर तेच समजा. अशी पाने कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही.

पाने लवली म्हणून लगेच पाइप उचलू नका. दुपारी लवून संध्याकाळी सावरली तर ती उन्हाची सुस्ती आहे. सकाळीही लवलेलीच असली तर माती तपासा. कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असूनही पाने लोळत असतील तर एक देठ हलके ओढून पाहा. बुडाशी कुजून सहज हातात आला, पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियम नावाच्या बुरशीची कूज. आपल्याकडे भुईमुगाची खोडकूज करणारी बुरशी याच कुळातली. पाणी तोडा, रोगट भाग उचला, भोवतीची वरची माती काढून टाका. ते दाणे जमिनीत वर्षानुवर्षे जगतात, त्यामुळे त्याच जागी लगेच दुसरा होस्टा लावणे म्हणजे पैसे पाण्यात.

आच्छादन ५ सेंमी पुरे, आणि गड्ड्याभोवती चार बोटे जागा मोकळी. देठांना टेकवून रचलेला भुसा गड्डा ओला ठेवतो आणि वरच्या कुजीला घर करून देतो. कडा तपकिरी होऊन करपल्या तर पाण्याबरोबर उन्हाचीही चौकशी करा. दुपारचे ऊन पडत असेल तर पाणी वाढवून भागत नाही, जागाच बदलावी लागते.

सप्टेंबरात पाने पिवळी पडू लागली की लोक पाणी बंद करतात. घाई करू नका. पुढच्या वर्षीचे डोळे गड्ड्यात तयार असतात आणि मुळे अजून चालू असतात. कोरड्या शरदात दर दहा-बारा दिवसांनी एक खोल पाणी, जमीन गोठेपर्यंत. गड्डे फोडून लावायचे असतील तर जमीन गोठण्याच्या सहा आठवडे आधी उरका.

हिवाळ्यात जमिनीतल्या झाडाला पाणी नाही. कुंड्यांचे मात्र वेगळे. पावसा-बर्फात उघड्यावर राहिलेल्या कुंडीत दिवसा पाणी वितळते, रात्री गोठते, आणि गड्डा आतून कुजतो. कुंडी गरम न होणाऱ्या गॅरेजमध्ये ठेवा, खाली बशी नको. माती पूर्ण भुकटी झाली तरच महिन्यातून कपभर पाणी. घरातल्या उबेत आणू नका: होस्टाला सुमारे सहा आठवडे ५ अंशांखालची थंडी लागते. पुण्यातल्या नातेवाइकांना गड्डा भेट द्यायचा विचार असेल तर तो सोडा. मार्चमध्ये कोंबांची टोके दिसली की कुंडी बाहेर सावलीत काढा आणि तळातून पाणी निथळेपर्यंत एकदा भरपूर पाणी द्या.