इरकलीचा ऑनलाइन कॅटलॉग असा लावला

बेळगावात, शहापूरला आमचं साड्यांचं दुकान आहे, वेबसाइट वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवायचं प्लगइन). एकाच इरकलीच्या प्रत्येक रंगाचं तिथं वेगळं पान होतं. खानापूर, निपाणीहून गिऱ्हाईक फोन करून विचारायचं, "हीच हिरव्यात आहे का?"

आधी कॅटेगरी छाटल्या. साडी, खण, ब्लाउजपीस एवढ्याच ठेवल्या. कापड, रंग, काठ हे सगळं ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे मालाच्या गुणांच्या रकान्यांत टाकलं. त्यात काठाला मी सगळ्यात जास्त वेळ दिला: गोमी, गाडी, चिक्कीपरास असे इरकलीच्या काठांचे प्रकार. आमच्याकडं बायका आधी काठ बघतात, रंग नंतर. त्यामुळं काठाचा फिल्टर सर्वांत वर हवाच. मग एका डिझाइनचं एकच व्हेरिएबल प्रॉडक्ट (एकाच पानावर अनेक पर्याय असलेला माल), रंग हे त्याचे व्हेरिएशन म्हणजे पर्याय, प्रत्येक रंगाला स्वतंत्र एसकेयू, म्हणजे मालाचा ओळख-कोड.

बदल सीएसव्ही फाइलमधून (साध्या तक्त्याची फाइल, एका ओळीत एक माल) चढवले. इम्पोर्ट करताना आधीचे प्रॉडक्ट अपडेट करण्याच्या पर्यायावर टिक असेल, तर आयडी किंवा एसकेयू जुळणाऱ्या ओळीच बदलतात आणि नवा माल सरळ वगळला जातो. म्हणून नव्या मालाची फाइल वेगळी करा, ती टिक न लावता चढवा.

जुन्या पानांच्या लिंक व्हॉट्सॲपवर फिरत असतात. त्या नव्या पानाकडं ३०१ रीडायरेक्टनं (जुन्या पत्त्यावरून आपोआप, कायमचं नव्यावर नेणं) वळवा, मगच जुनी पानं काढा.