गावातील जुन्या वास्तूंची मार्गदर्शिका कशी तयार करावी

साताऱ्यात पाहुणे आले की त्यांना अजिंक्यतारा आणि राजवाडा दाखवून आपण मोकळे होतो. पेठांमधले वाडे, हौद, तळी आणि देवळे राहून जातात, कारण त्यांच्यापुढे कुठे उभे राहून नेमके काय पाहावे, हे सांगणारे हाताशी काही नसते. अशी पुस्तिका दोन-तीन जणांना मिळून करता येण्याजोगी आहे. मात्र तिचा वाचक उन्हात, रहदारीकडे पाठ करून, भिंतीकडे मान वर करून उभा असणार, हे पहिल्या पानापासून ध्यानात ठेवावे लागते.

सुरुवात वाटेपासून करावी. वास्तू सालवारीने मांडण्याचा मोह होतो. आम्हीही पहिला आराखडा तसाच केला होता आणि त्याप्रमाणे चालणाऱ्याला एकाच दिवशी किल्ल्याच्या उतारावरील ‘चार भिंती’ या ठिकाणाची चढण दोनदा चढावी लागली असती. सातारा शहर अजिंक्यतारा किल्ल्याच्या उत्तर उतारावर वसलेले आहे; त्यामुळे सकाळी चार भिंतींपासून निघून राजवाड्याकडे उतरावे आणि मोती चौकातून राजपथाने किंवा खालच्या रस्त्याने पोवई नाक्याकडे यावे, हा क्रम पायांना मानवतो. संगम माहुली आणि लिंब गावची बारा मोटेची विहीर ही ठिकाणे शहराबाहेर असल्याने त्यांना स्वतंत्र अर्धा-अर्धा दिवस द्यावा. एका वाटेवर दहा-बारा नोंदींपेक्षा अधिक नकोत.

वाट ठरल्यावर प्रत्येक वास्तूसमोर वही घेऊन उभे राहावे आणि जे दिसते तेवढेच आधी लिहावे. वाडा असेल तर दिंडी दरवाजा (मोठ्या दारातले छोटे दार), देवडी (दारालगतची पहाऱ्याची जागा), चौक किती, सोप्याचे म्हणजे ओसरीचे खण (दोन खांबांमधले अंतर) किती, खांब सुरूदार म्हणजे सुरूच्या झाडासारखे कोरलेले आहेत की साधे, तुळईखाली कोरीव हस्त म्हणजे आधाराचे लाकडी तुकडे आहेत का, भिंत घडीव दगडाची किती उंचीपर्यंत आणि त्यावर विटा की पांढरी माती, हे सारे टिपावे. छपराकडे विशेष लक्ष द्यावे. मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली निघाला, म्हणून मंगलोरी कौले दिसली की ते छप्पर त्यानंतरचे, एवढे निश्चित म्हणता येते; वाडा मात्र त्याहून शंभर वर्षे जुना असू शकतो. छपराचे वय वाड्याला चिकटवण्याची चूक फार होते.

शिलालेख वाचताना त्यावर खडू किंवा पीठ चोळू नये. बॅटरीचा झोत बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून टाकला की झिजलेली अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात. साल आढळले तर ते शके आहे की इसवी सन, हे आधी ठरवावे. लिंबच्या विहिरीवरील लेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ आणि साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या परिवारातील वीरूबाईंचे नाव येते. आमच्या पहिल्या मसुद्यात ‘शके’ गळाले आणि विहीर थेट १६४१ सालची झाली. शेजारच्या एका निवृत्त गुरुजींनी शांतपणे विचारले, “शाहू महाराजांचा जन्मच १६८२ चा, मग ही विहीर कुणाच्या कारकिर्दीत बांधलीत तुम्ही?” शक संख्येत ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे विहिरीचे काम १७१९ ते १७२४ मधले; आणि जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९ मिळवावे लागतात.

कागदपत्रांकडे यानंतरच वळावे. १८८५ चे सातारा जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, आधी वाचले तर आपल्या डोळ्यांना तेवढेच दिसू लागते, असा माझा अनुभव आहे. नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिकेवरून जागेची हद्द आणि धारकांची नावे कळतात, बांधणीचे साल नव्हे. ऐकीव माहितीही घ्यावी, परंतु ती ‘असे सांगतात’ या शब्दांनी वेगळी ठेवावी. प्रत्येक वाड्यातून किल्ल्यावर जाणारे भुयार निघतेच. ती सगळी भुयारे खरी असती, तर अजिंक्यतारा केव्हाच खचला असता.

नोंद लिहिताना पहिले वाक्य उभे राहण्याच्या जागेचे असावे. संगम माहुलीचे विश्वेश्वर मंदिर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ साली बांधले, ही माहिती दुसऱ्या वाक्यात यावी. पहिल्यात घाटाच्या पायऱ्यांवरून वर पाहायला सांगावे आणि काळा दगड संपून शिखराचे वीट-चुन्याचे काम कुठे सुरू होते, ते दाखवावे. वास्तूचे पुढचे आयुष्यही सांगितले पाहिजे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्या काळातील राजवाड्यात पुढे शाळा भरू लागली आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव त्या शाळेच्या पटावर चढले. अनेकांची पावले राजवाड्याकडे वळतात ती याच कारणाने, तेव्हा केवळ खांब आणि महिरपी मोजून ती नोंद आवरती घेणे बरे नव्हे.

वाड्यांमध्ये माणसे राहतात. आत जाण्यापूर्वी आणि छायाचित्र छापण्यापूर्वी घरच्यांची परवानगी घ्यावी, त्यांची नावे छापू नयेत आणि ज्या चौकात परक्याने येणे त्यांना नको असेल, त्या वाड्याची नोंद रस्त्यावरून दिसते तेवढ्यावरच थांबवावी.

नकाशा हाताने काढलेला चालतो, पण त्यात चढ कुठे आहे हे दाखवणे आवश्यक आहे. मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत येतात, म्हणून मजकूर अठ्ठावीस किंवा बत्तीस पानांत बसवावा. छापखान्यात देण्यापूर्वी कच्ची प्रत साताऱ्यात कधीही न आलेल्या माणसाच्या हाती द्यावी आणि त्याच्या दहा पावले मागून, तोंड बंद ठेवून चालावे. तो जिथे थबकतो, पान उलटून पुन्हा मागे येतो किंवा पानवाल्याला रस्ता विचारतो, तिथली वाक्ये त्याच संध्याकाळी पुन्हा लिहावीत. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस पाहणीचा महिना आणि वर्ष ठळक छापावे, म्हणजे पुस्तिकेतल्या एखाद्या वाड्याच्या जागी वाचकाला पत्रे ठोकलेली मोकळी जागा दिसली, तर तो वाडा कोणत्या महिन्यापर्यंत उभा होता, हे तरी त्याला कळेल.